ग्रेडरकाका आणि तनूचा हात

लग्नाच्या मांडवात ग्रेडरकाका लोडाला टेकून बसले की त्यांचा हात हळूच मागे जायचा. लोडाची उसवलेली शिवण शोधायची, चिमूटभर कापूस बाहेर काढायचा, दोन्ही हातांच्या अंगठ्या-तर्जनीत धरून ओढायचा, ते दोन तुकडे एकमेकांवर ठेवून पुन्हा ओढायचा. असं पाच-सहा वेळा. मग हातात जो सरळ धाग्यांचा झुपका उरायचा तो शेजारी बसलेल्याच्या काळ्या कोटावर ठेवून म्हणायचं, "लोकायनं काय कचरा भरला राजेहो लोडात! नवरदेवाची पाठ धरन." शेजारी बसलेला नवरदेवाचा सख्खा मामा असला तरी त्यांना त्याचं काही वाटत नसे.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. नोकरी सुटते पण नोकरीची खोड हातात राहते. आमच्याच गल्लीत एक निवृत्त पोस्टमन होते, ते देवळात जातानाही घरांचे नंबर पुटपुटत जायचे. त्यांना आम्ही सगळे हसायचो. ग्रेडरकाकांनाही हसायचो. मी अजून हसते, पण हसता हसता मध्येच थांबते. ते का, तेच सांगायला बसले आहे.

दारव्ह्याच्या सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ते ग्रेडर होते. कापसाच्या मुलखाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: शेतकरी गाडीभर कापूस आणतो आणि तो कोणत्या प्रतीचा ते ठरवणारा माणूस म्हणजे ग्रेडर. सर्वांत वर सुपर, मध्ये एफएक्यू, आणि पिवळा, डागी माल म्हणजे कवडी. त्या एका शब्दावर माणसाचं वर्ष अवलंबून. त्यामुळे गावात ग्रेडरला शिव्याही भरपूर आणि नमस्कारही भरपूर. काका दोन्ही सारख्याच चेहऱ्यानं घ्यायचे. गाडीच्या वरच्या थराकडे ते बघतसुद्धा नसत. सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत सरकवून हात आत खुपसायचे, डोळे मिटायचे आणि तळातून मूठ काढायचे. शेतकरी म्हणायचा, साहेब, जरा नजर तर टाका. काका म्हणायचे, "डोये लबाड असतात. हाताले विचारू दे."

गल्लीत त्यांना नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. मोठी माणसं ग्रेडरसाहेब म्हणायची, आम्ही ग्रेडरकाका. माझ्या सासऱ्यांचे ते दोस्त. सासरे गेल्यावरही रोज सकाळी आमच्या ओट्यावर पेपर वाचायला यायचे आणि मला हक्कानं सूनबाई म्हणायचे. चहा घ्यायचे, कप खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "एफएक्यू." पोहे दिले, एफएक्यू. दिवाळीची चकली, एफएक्यू. मी सात वर्षांत एकदाही सुपरला पोचले नाही. एकदा चिवड्यात मीठ जास्त झालं तेव्हा मात्र कवडी मिळाली, तीही पाहुण्यांसमोर.

मग कापसाचे ते वाईट हंगाम आले. केंद्र उशिरा उघडायचं, लवकर बंद व्हायचं, आणि एका वर्षी उघडलंच नाही. काकांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. गावातल्या एका व्यापाऱ्यानं त्यांना बोलावलं, म्हणाला, आमच्याकडे मालाची पारख करायला बसा, फक्त प्रत सांगताना एकदा आमच्याकडे बघत जा. काका म्हणाले, "हात माहा अन् तोंड तुमचं? जमनार नाही." घरी आले ते आलेच. बायको आधीच गेलेली, मुलगा नागपुरात. ओट्यावर बसून ते स्वतःच्याच उशीतला कापूस ओढत राहायचे. सदऱ्याच्या वरच्या खिशात त्यांच्याकडे नेहमी कापूस असायचा, दुसऱ्यांच्या खिशात तंबाखूची पुडी असते तसा.

आता आमच्या घराकडे या. मी तहसील कचेरीत कारकून. नवरा ढाणकीला शाळामास्तर, शनिवारी संध्याकाळी येणार आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं जाणार. आणि आमची तनू, तेव्हा पाच वर्षांची. हाक मारली तर मान वर करायची नाही. टाचा न टेकवता चालायची. पंख्याकडे तासभर बघत राहायची. हातात दिलेली वस्तू फेकायची, नाहीतर तिच्या बोटांतून ती आपोआप गळायची. यवतमाळच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं, नागपूरच्या डॉक्टरांनी ऑटिझम असं नाव सांगितलं. ते नाव तेव्हा आमच्या गावावरून गेलंसुद्धा नव्हतं. मी शेजारणीला सांगितलं, मुलगी स्वमग्न आहे. ती म्हणाली, "मग तं चांगलंच हाय की! आमच्यावाला कार्टा कधी स्वतःत बसत नाही." मी पुढे काही समजावायला गेले नाही.

गल्लीच्या टोकाला शाळा होती. पहिलीच्या प्रवेशाला मी तनूला घेऊन गेले. मुख्याध्यापकबाई वाईट नव्हत्या. चार वर्ग आणि दोन शिक्षक, त्यांतल्या एक त्या स्वतः. त्यांनी तनूकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "यंदा राहू द्या. पुढच्या जूनमध्ये आणा. लिहिणं-वाचणं मी पाहीन. पण दोन गोष्टी तिच्या तिला आल्या पाहिजेत. बाथरूमला जाऊन येणं आणि दुपारची खिचडी खाणं. भरवायला माझ्याकडे माणूस नाही."

पहिली गोष्ट मी एका आठवड्यात सोडवली. सगळ्या सलवारींच्या नाड्या काढून इलॅस्टिक घातलं. राहिला घास. भाताचा घास करायला पाचही बोटं एकत्र यावी लागतात, हे तोवर मला कधी जाणवलंच नव्हतं. तनूची येतच नव्हती. भात तळव्याला चिकटायचा, मांडीवर पडायचा, मग ती ताटच ढकलून द्यायची. चमचा दिला तर तो समोरच्या भिंतीवर. शाळेला एक वर्ष होतं. ते वर्ष गेलं असतं तर पुढे कोणत्या शाळेत, कोणत्या वर्गात, कोणाच्या भरवशावर, मला काही सुचत नव्हतं. रात्री नवऱ्याला फोनवर सगळं ठीक आहे म्हणून सांगायचे आणि मग रडायचे.

एक दिवस सकाळी कचेरीची घाई, मी ओट्यावरच तनूच्या तोंडात घास कोंबत होते. समोरून काका आले.

"सूनबाई, पोरीच्या बोटात जीव नाही काय?"

"आहे हो काका. बोटं जुळत नाहीत."

"जुळतीन. कापसावर बसव तिले."

"काका, सव्वादहा झाले. मला कचेरी आहे."

"कचेरी तुले हाय. मले कुठी हाय?" असं म्हणून ते खाली बसले. खिशातून चिमूटभर कापूस काढला आणि तनूच्या तळव्यावर ठेवला. मी वाट पाहत राहिले, आता फेकेल. तिनं फेकला नाही. मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. काका माझ्याकडे पाहून म्हणाले, "कापूस आवाज करत नाही. म्हनून ठेवला तिनं."

तेव्हापासून दुपारी चार ते सहा तनू त्यांची. दिवसा ती शेजारच्या शांताबाईंकडे असायची. चारला काका तिला तिथून घेऊन जायचे. यवतमाळला एक शनिवार आड नागपूरहून थेरपीच्या एक तरुण मॅडम यायच्या. यवतमाळच्या प्रवासी जीपमध्ये आमच्याबरोबर काकाही बसायचे. मॅडमनी व्यायाम सांगितले: कपड्यांचे चिमटे दोरीला लावायचे, कणीक तिंबायची, राजम्याचे दाणे एकेक करून बाटलीत टाकायचे, खडूच्या रेघेवरून चालायचं, जड काहीतरी ढकलायचं. मला ते ऐकूनच थकायला झालं. काकांनी ते सगळं एका जुन्या पावतीच्या पाठीवर सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं आणि शेवटी विचारलं, "मॅडम, नमुना किती दिवसांनी पाहाचा?" मॅडमना प्रश्न कळला नाही. मला कळला. फरक कधी दिसेल, असं ते विचारत होते. मॅडम म्हणाल्या, महिने लागतील. काका म्हणाले, "लागू द्या."

आणि त्यांनी एक दिवस चुकवला नाही. त्यांच्या ओसरीवर खडूची रेघ असायची, ती पुसली की पुन्हा मारलेली असायची. धान्याचं अर्धं पोतं तनू ढकलायची आणि काका पलीकडून, जोर लागतोय असा आव आणत कण्हायचे. तिनं तिंबलेल्या कणकेची पोळी ते रात्री स्वतः खायचे आणि सकाळी मला सांगायचे, "पोळी एफएक्यू." जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, चौकीदाराला सांगून त्यांनी तिला कापसाच्या गंजीवरही नेलं. त्या साली गंजी एवढी लहान होती की चौकीदारालाच लाज वाटत होती. तनू मात्र छातीपर्यंत कापसात रुतून, कशीबशी चढून, पुन्हा रुतून अशी तासभर खेळली. घरी आली तेव्हा शांत होती, टाचा टेकवून चालत होती. शांताबाई म्हणाल्या, दृष्ट काढा. मी काढली.

पण बोटांचं काही होत नव्हतं. रोजचा धडा कापूस ओढण्याचा. काका तिच्या मागे बसायचे, तिच्या हातांवर आपले हात ठेवायचे. उजव्यानं ओढ, डाव्यानं धर. मग तिनं काढलेला झुपका काळ्या मखमलीच्या एका तुकड्यावर ठेवून बघायचे. केंद्रावर लांबी बघायला ते हाच तुकडा वापरायचे. त्यावर तनूचे धागे तुटलेले, गाठाळलेले दिसायचे. श्रावण गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली. काका चिडायला लागले. तनूवर नाही, कधीच नाही. आमच्यावर चिडायचे, चहावर, पेपरातल्या बातम्यांवर चिडायचे. एकदा म्हणाले, "मले शिकवता येत नाही, सूनबाई. मले फक्त पाहता येते."

मी वातावरण हलकं करायला विचारलं, "काका, सगळ्यांना प्रत देता. आमच्या तनूची कोणती?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अचकटविचकट बोलले होते. म्हणाले, "माल विकाचा असला त ग्रेड लागते."

मग होळीनंतर तो गाद्यांचा प्रकार घडला. शांताबाईंच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि तिच्यासाठी भरून आणलेल्या दोन नव्या गाद्या मागच्या खोलीत ठेवल्या होत्या. दुपारी शांताबाईंचा डोळा लागला. तनूनं त्या खोलीत जाऊन गादीची शिवण शोधली. ही विद्या तिला कोणी दिली ते तुम्हाला सांगायला नको. शांताबाई जाग्या झाल्या तेव्हा अर्धी गादी खोलीभर पसरली होती. त्यांनी कपाळ बडवत काकांना बोलावलं. काका धावत आले आणि दारातच थांबले. शांताबाई ओरडताहेत, "अवो, धरा ना तिले!" आणि काका तोंडावर बोट ठेवून त्यांनाच गप्प करताहेत. शांताबाई नंतर आठवडाभर सांगत होत्या की म्हातारा अर्धा तास नुसता उभा राहिला आणि माझी गादी जाऊ दिली.

मी सहाला घरी आले तर काका माझ्या ओट्यावर. समोर काळी मखमल अंथरलेली, आणि तिच्यावर ओळीनं लावलेले झुपके, लांब, सरळ, न तुटलेले.

"हे पाह्य."

"हे तुम्ही काढले?"

"मी नाही. तनूनं."

"पण रोज तर..."

"रोज मी तिच्या उजव्या हातानं ओढवतो. आज कोनी मांगं बसलं नव्हतं. डाव्यानं ओढत होती पोरगी. इतकी साफ का मी पाहतच राह्यलो." त्यांनी एक झुपका मखमलीवर सरळ केला. "सात महिने मी चुकीच्या हाताले विचारून राह्यलो होतो, सूनबाई. इतक्या वर्षांत माह्याकून एवढी मोठी गाडी चुकली नाही."

ते स्वतःला दोष देत होते. मला मात्र एकदम माझा गुडघा आठवला. तनू दोन वर्षांची असल्यापासून ताटावर डावा हात यायचा आणि मी तो बाजूला करायचे. डाव्या हातानं जेवायचं नाही हे कोणत्या आईला शिकवावं लागतं? पुढे ती ऐकेना तेव्हा भरवताना मी तिचा डावा हात माझ्या गुडघ्याखाली दाबून ठेवायला लागले. रोज दोन वेळा, तीन वर्षं. दुसऱ्या कोणत्याही मुलानं भोकाड पसरलं असतं. तनूला सांगता येत नव्हतं, म्हणून ती जेवणच सोडायची. आणि मी बाहेर सांगत फिरायचे की पोरीची बोटं जुळत नाहीत. तिचा चांगला हात मीच दाबून ठेवला होता.

पुढच्या शनिवारी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, काही मुलांचा हात ठरायला वेळ लागतो, हिचा ठरलाय, तर तोच चालू द्या. मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "तुम्ही हात दाबून ठेवता हे तुम्ही सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही."

आता तुम्ही म्हणाल, झालं, सुटला प्रश्न. मला तुमच्याएवढं शहाणपण नव्हतं. परत येताना जीपमध्येच मी काकांशी भांडले. म्हटलं, "घरात ठीक आहे. पण शाळेत, चार लोकांत? आधीच तिला वेडी म्हणतात. आता ज्या हातानं धुतात त्याच हातानं जेवते म्हणतील. कोण बसेल तिच्या शेजारी?"

"तिच्या उजव्या हातानं लोकायचं पोट भरते का?"

"तुम्हाला बोलायला काय जातं? तुमची नात असती म्हणजे कळलं असतं."

बाभुळगावचे कोणी पाहुणे जीपमध्ये होते, ते खिडकीबाहेर बघायला लागले. काका दारव्ह्यापर्यंत खिशातला कापूस ओढत राहिले, आणि दुसऱ्या दिवशी पेपर वाचायला आले नाहीत. चार वाजता मात्र तनूला घ्यायला वेळेवर आले.

सोमवारी नवरा गेल्यावर रात्री मी दार लावलं, तनूला ताट दिलं आणि दोन्ही हात माझ्याच मांडीखाली घेऊन बसले. तिनं माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. तो येत नाही असं दिसल्यावर डावा हात ताटात घातला. पहिल्या दिवशी सांडलं, दुसऱ्या दिवशी सांडलं. रोज चारला काका तिच्याकडून डाव्या हातानं राजमा उचलून घेत, ओल्या भाताच्या गोळ्या करून घेत. तिच्या हातावर हात ठेवायचा तर आपलाही डावा हात चालला पाहिजे, म्हणून म्हातारा घरी एकटा बसून डाव्या हातानं कापूस ओढायला शिकत होता. तिसऱ्या आठवड्यात तनूनं वरणभाताची अख्खी वाटी एकटीनं संपवली. मी भिंतीला डोकं टेकून रडले. आनंदानं म्हणा, लाजेनं म्हणा, दोन्ही होतं. पण दार लावलेलंच होतं.

ते दार काकांना खुपत होतं. "शायेत दार लावून जेवतीन का पोरं?" एवढंच एकदा म्हणाले. जून दोन महिन्यांवर आला होता.

हनुमान जयंतीला आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळात महाप्रसाद असतो. सगळी गल्ली पंगतीला, वाढायलाही गल्लीतलीच माणसं. मी ठरवलं होतं की तनूला शांताबाईंच्या मुलीजवळ घरी ठेवायचं. मी आंघोळ करून बाहेर येते तो ओट्यावर तनू नवीन फ्रॉक घालून उभी आणि काका तिचं बोट धरून. म्हणाले, "माही पाहुनी हाय. तुले याचं असन त ये."

पंगत बसली. मी बायकांच्या ओळीत, अगदी समोर. काका पुरुषांच्या ओळीच्या टोकाला आणि त्यांच्या शेजारी तनू. पत्रावळी मांडल्या, आलू-वांग्याची भाजी, पोळी, बुंदी, भात वाढला. वरण वाढायला मुख्याध्यापकबाई होत्या. तनूचा डावा हात पत्रावळीकडे जाताना मी पाहिला आणि डोळे मिटून घेतले.

हशा ऐकू आला म्हणून डोळे उघडले. लोक तनूकडे पाहून हसत नव्हते. काकांनी उजवा हात पाठीमागे धोतराच्या काच्यात खोचला होता आणि डाव्या हातानं ते जेवत होते. कापूस ओढायला शिकलेला हात, पण जेवायला शिकलेला नव्हता. भात सदऱ्यावर, वरण कोपरापर्यंत. एवढा कडक ग्रेडर, गावानं ज्याला कधी चुरगळलेल्या सदऱ्यात पाहिलं नाही, त्याच्या मिशीला बुंदी चिकटली होती.

"साहेब, हाताले काय झालं? लकवा का काय?"

"हात बरा हाय. आज त्याले सुट्टी देल्ली."

देवळाच्या समितीचे एक वयस्कर गृहस्थ मात्र हसले नाहीत. ते येऊन उभे राहिले. "ग्रेडरसाहेब, मस्करी समजतो आम्ही. पण हा प्रसाद आहे. देवाच्या दारात डाव्या हातानं?"

काकांनी घास गिळला. मान वर केली. "द्रोणागिरी कोन्या हातावर उचलला त्यानं?"

सगळ्या पंगतीनं गाभाऱ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. लहानपणापासून ज्याच्यापुढे डोकं टेकवलं त्या मूर्तीच्या उजव्या हातात गदा होती आणि डाव्या हातावर डोंगर. समितीचे गृहस्थ मूर्तीकडे बघत राहिले. मग वाढणाऱ्याला म्हणाले, "साहेबांना बुंदी वाढा." आदल्या संध्याकाळी काका, एरवी सणासुदीलाही देवळाची पायरी न चढणारा हा माणूस, देवळातून येताना मला दिसले होते; ते तिथे कशाला गेले होते ते मला तेव्हा उमगलं.

बुंदी आली, पण काकांना ती डाव्या हातानं धरता येईना. दाणे घरंगळत होते. तनूनं आपली पत्रावळ संपवली होती. तिनं काकांच्या पत्रावळीकडे पाहिलं, हात लांब केला, तीन बोटांत एकेक दाणा नीट उचलून त्यांची सगळी बुंदी खाऊन टाकली. सगळी गल्ली काकांच्या सदऱ्याला हसत होती. त्या गडबडीत माझ्या मुलीनं आयुष्यातली पहिली पंगत जेवली आणि तिच्याकडे कोणी मान वळवून पाहिलं नाही. मुख्याध्यापकबाईंनी मात्र पाहिलं. वरणाची बादली खाली ठेवून त्या जरा वेळ उभ्या राहिल्या. माझ्याजवळून जाताना म्हणाल्या, "जूनमध्ये आणा."

त्या पंगतीत मी उजव्या हातानंच जेवले. म्हाताऱ्या माणसानं माझ्या मुलीसाठी स्वतःचं हसू करून घेतलं आणि मी, तिची आई, लोकांच्या नजरेला भीत उजव्या हातानं घास घेत बसले. हे मला अजून बोचतं.

तनू शाळेत गेली. बरी झाली वगैरे नाही, बरं व्हायचा हा आजारच नाही. ती आजही फार बोलत नाही. पण खिचडी खायची, डबा उघडायची, पेन्सिल धरायची, सगळं डाव्या हातानं. काका दोन वर्षं चारला येत राहिले. मग त्यांचे गुडघे गेले आणि मुलगा येऊन त्यांना नागपूरला घेऊन गेला. जाताना मी पाया पडले. जीपमधलं माझं बोलणं मनात होतं, त्याची माफी मागायची होती. ते माझ्या तोंडाकडे न पाहता म्हणाले, "चहा एफएक्यू असते तुहा. साखर कमी कर." माफी तशीच राहिली.

मग एक दिवस त्यांच्या मुलाचा फोन कचेरीत आला, दुपारी. बाबा सकाळीच गेले, आता घाटावरचे अंत्यविधी आटोपूनच आलो, म्हणाला. मी साडेपाचपर्यंत फायली पाहिल्या. घरी आले, वरणभात लावला, दोन ताटं वाढली, तनूचं आणि माझं. जेवायला बसले आणि उजवा हात मांडीवर ठेवला. डाव्या हातानं घास करायला लागले. बोटं जुळेनात. भात तळव्याला चिकटला, पदरावर पडला. दुसरा घास तोंडापर्यंत पोचला तो निम्मा. मला रागही येत होता आणि रडूही.

तनू कोणाच्या तोंडाकडे पाहत नाही, माझ्याही नाही. तिनं माझ्या ताटाकडे पाहिलं. उजवीकडची वरणाची वाटी उचलून डावीकडे ठेवली, आणि आपलं जेवायला लागली.